अक्का, यंदाच माझं का ऐकलंत

ऋता, निनाद,

गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलं होतं, की बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत भाजी लावायची तर कशी लावायची. मी सविस्तर लिहून पाठवते म्हटलं होतं. कागद घेतला, समास आखला, माती, पाणी, फळधारणा, कीड, बी असे मथळेही घातले. दुसऱ्याच दिवशी सकाळी बोरीहून फोन आला की तुमची मोठी आजी गेली. त्याला आज एकवीस दिवस झाले. तो कागद माझ्यासमोर आहे, आणि त्यातला एकही मथळा मला स्वतःच्या माहितीवर भरता येत नाही हे आत्ता कळतंय. भाजीपाल्यातलं मला जे काही येतं ते सगळं मी तिच्याशी भांडून मिळवलेलं आहे.

म्हणून हे मी तिलाच लिहिते. तुम्ही शेजारी बसून वाचा. तुमच्या गॅलरीच्या उपयोगाचं मधूनमधून येईल, ते उचला. उरलेलंही वाचा, कारण माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे आणि ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आजच लिहायचं कारण इतकंच की माझा राग अजून ताजा आहे. तो निवला की मी सगळं गुळगुळीत करून सांगेन. माझी ती सवय तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही लहानपणी दोनदाच तिला भेटलात, तेव्हा एवढं सांगते. ती माझी थोरली जाऊ, तुमच्या आजोबांच्या वडील भावाची बायको. ती बोरीत राहायची, मी जिंतूरला. तिला अक्षर येत नव्हतं आणि मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. जवळजवळ पन्नास वर्षं आम्ही एकमेकींच्या चुका काढत आलो.

अक्का,

पहिली तक्रार फ्लेक्सची. भास्करनं, तुमच्या लेकानं, चौकात तुमचा फ्लेक्स लावला. त्यावर ‘आदर्श गृहिणी’ असं छापलंय. चार वर्षांपूर्वी भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या फ्लेक्सवर ‘प्रगतशील शेतकरी’ होतं. भाऊजींबद्दल मला आदर आहे, पण त्या माणसाला शेपू आणि कोथिंबीर यांतला फरक ताटात पडल्यावरच कळायचा. घरामागच्या त्या दीड गुंठ्यात बारा महिने आठ माणसांची भाजी तुम्ही काढलीत. कांदे-बटाटे सोडले तर विकत आणलेली भाजी मी त्या घरात पाहिली नाही. मी भास्करला विचारलं, हे गृहिणी कुणी सुचवलं. तो म्हणाला, “काकू, बाईमानसाच्या फ्लेक्सवर तसंच ऱ्हातंय. छापनाऱ्याकडं तयारच आसतंय.”

तयारच असतं. फोटोही कुठल्याशा लग्नातला कापून घेतलेला आहे. तुमच्या खांद्यावर एक हात तसाच राहून गेलाय, मनगटावर घड्याळ असलेला. तो माझा आहे.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फलकाचं काय घेऊन बसलीस, तिकडं मिरचीला पानी दे. ठीक आहे. मुद्द्यावर येते.

मी लग्न होऊन आले तेव्हा परसबागेतलं आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती, कारण मी त्यावर एक इंग्रजी पुस्तक वाचलेलं होतं. जिंतूरच्या घराचं अंगण फरशीचं, म्हणून मी तेलाचे रिकामे डबे आणले, आपल्याच शेतातली काळी माती मागवून ते काठोकाठ भरले आणि टोमॅटो लावले. महिन्यानं तुम्ही आलात. एक डबा पायानं हलवून पाहिलात.

“मास्तरीण, इटा पाडायलीस का?”

“का? चांगली माती आहे. आपल्या रानातली.”

“रानात चांगली हाय. डब्यात कोंडली की वाळून इट होती अन् भिजली की चिखुल. मुळाला दम घ्याया जागा नगं का?”

मग तुम्ही सगळे डबे माझ्या धुतलेल्या फरशीवर पालथे केलेत. एक घमेलं काळी माती, एक घमेलं जुनं शेणखत, एक घमेलं वाळू आणि भुसा. शेणखताची मूठ माझ्या नाकाशी धरलीत. “वास येतोय? न्हाई ना? मग पिकलं. वास येतोय तवर झाडाला घालू न्हाई, मुळं भाजतेत.” डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडलीत आणि प्रत्येक भोकावर खापराचा तुकडा ठेवलात, पाणी जावं पण माती जाऊ नये म्हणून. ऋता, तुमच्याकडे पिशवीतलं खत मिळतं ते चालेल, पण परीक्षा हीच. वास मातीचा आला पाहिजे.

पाण्यावरून तर आपण किती वर्षं भांडलो. मी रोज सकाळी सात वाजता प्रत्येक डब्याला एक तांब्या घालायचे. तुम्ही म्हणायचात, “तुला तान लागती ती घड्याळ बगून लागती का?” बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं. आत ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, वरून कितीही कोरडं दिसो. दुपारी पानं माना टाकतात ती उन्हानं, संध्याकाळी आपली आपण उभी राहतात. सकाळी उठून बघितल्यावरही पान मलूल असेल तर ती खरी तहान. हे माझ्या पुस्तकात नव्हतं. पुढे मी ते वर्गातल्या मुलांनाही लावून पाहिलं आणि बऱ्याच वेळा बरोबर निघालं, पण तुम्हाला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ते सगळ्या बोरीला ऐकवलं असतंत.

दोडक्याचं भांडण तुम्हाला कुठल्याही लग्नकार्यात उकरून काढता यायचं, म्हणून मीच ते इथे काढते. माझा वेल मांडवावर चढला, पिवळी फुलं आली आणि गळून गेली. एक दोडका धरला नाही. मी खत घातलं, तर नुसती पानं वाढली. तुम्ही येलदरीहून, माहेरून परतताना मुक्कामाला आमच्याकडे उतरलात. मासळीची पिशवी मोरीत ठेवली आणि आधी वेलाकडे गेलात.

“नवरदेव लय झालेत गं तुझ्याकडं. नवऱ्या कुठं हायत?”

“म्हणजे?”

“यम्मे केलीस म्हनं ना?”

ज्या फुलामागे करंगळीएवढा दोडका दिसतो ते मादी फूल. नुसत्या देठावरचं ते नर. आधी नरच येतात, दहा-पंधरा दिवस तेच येत राहतात, घाबरायचं नाही. वेल हातभर वाढला की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेत फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्या फांद्यांवर धरतात. माशा-भुंगे फिरकत नसतील तर नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. मी म्हटलं, उद्या सकाळी करते.

“सकाळी ते मिटल्यालं आसतंय. काकडीचं सकाळी. दोडक्याचं सांजच्याला, दिवे लागायच्या आदी.”

“पुस्तकात सकाळ लिहिलंय, अक्का.”

“मग पुस्तकाला दोडके लाग म्हनावं.”

संध्याकाळी साडेसहाला फुलं उमलली. तुम्ही नुसत्या मासे साफ करत बसलात, आणि ते जास्त लागलं. निनाद, बाराव्या मजल्यावर माशी येत नसेल तर हे काम तुम्हालाच करावं लागेल. टोमॅटोला एवढंही नको. फुलांच्या घोसाला सकाळी टिचकी मारली तरी पुरतं.

किडीच्या बाबतीत तुम्ही निष्ठुर होतात. मिरचीला बोकड्या आला, पानं आकसून वळली, की आंबट ताक पाण्यात पातळ करून शिंपडायचात. मावा दिसला की पानावर दव आहे तोवर चुलीची राख चाळून भुरभुरवायचात. निंबोळ्या ठेचून, भिजत घालून, गाळून ते पाणीही मारायचात. एवढं करून पंधरा दिवसांत झाड सुधारलं नाही तर मुळासकट उपटून बांधापलीकडे फेकून द्यायचात. “एकाला जपत बसलं की दहा जात्यात.” मी एका वांग्याच्या झाडासाठी रदबदली केली होती तर ऐकलं नाहीत.

आणि याच बाईनं स्वतःच्या पायावरची सूज चार महिने लुगड्याखाली लपवली. दम लागायचा तेव्हा वेल बघायचं निमित्त करून उभं राहायचं. मला पाडव्याला कळलं. मी म्हटलं, परभणीला दाखवू, मी गाडी बोलावते.

“मिरगाचं बी टाकून येऊ दे.”

“बी मी टाकते.”

“तू? तू पट्टी लावून टाकशील.”

मी हसले. हसायला नको होतं. हाताला धरून गाडीत बसवायला हवं होतं. जन्मभर वर्गावर हुकूम चालवणारी मी, तुमच्यापुढे दर वेळी विनोदावर निभावून नेलं. आणि तुम्हीही, अक्का, मला हसवलंत की मी गप्प बसते हे ओळखून होतात. याचा मला फार राग आहे.

आता बी. माझ्या कागदावरचा शेवटचा मथळा.

वेलावरचं पहिलं चांगलं फळ तुम्ही कुणाला खाऊ दिलं नाहीत. पाहुणा आला तरी नाही. त्याला लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे हात लावायचा नाही. दोडका वेलावरच वाळू द्यायचा, हलवला की आत खुळखुळला पाहिजे. वांगं पिवळं पडून लिबलिबीत होईस्तोवर ठेवायचं. वाळूक, म्हणजे तुम्ही मुलांनी गूळ लावून खाल्लेली ती आपल्याकडची काकडी, पिकून आपोआप तडकायची. मग बी धुवायचं, राखेत घोळायचं, सावलीत वाळवायचं, आणि ताज्या शेणात कालवून त्याच्या तळहाताएवढ्या गोवऱ्या भिंतीला थापायच्या. शेणातल्या बियाला कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही. पेरताना गोवरी फोडून भिजवली की झालं.

हे बी तुमच्या एकट्याचं नसायचं. गावातली चार-पाच घरं दरवर्षी ऊसतोडीला जातात. दसरा झाला की घराला कुलूप, आत उंदीर-घुशींचं राज्य. जाताना त्या बायका आपलं बी तुमच्या ओटीत घालून जायच्या. उन्हाळ्यात परत आल्या की मृगाच्या तोंडावर येऊन घेऊन जायच्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वांगी, दोडके, वाळकं तुमच्या भरवशावर सहा महिने बोरीत राहायची.

आणि ते ठेवायचात कुठे? काही गोठ्याच्या भिंतीला, काही चुलीमागे, काही आढ्याला टांगलेल्या गाडग्यात, काही शेजारणीकडे, काही येलदरीला भावाच्या घरी. कुठल्या गोवरीत कुणाचं काय आहे हे फक्त तुमच्या डोक्यात. मला ते बघवत नव्हतं. शाळेतली कपाटं आवरण्यात माझं आयुष्य गेलं. बोरीला आले की माझा हात पहिल्यांदा तुमच्या पसाऱ्याकडे जायचा, आणि दरवर्षी तुम्ही मला हाकलून द्यायचात.

या संक्रांतीला मी वाण घेऊन आले आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

“अक्का, सगळं एका जागी आणा. मागच्या भिंतीवर पत्र्याची सावली आहे, पाऊस लागत नाही. ओळीनं लावू. प्रत्येक गोवरीवर खडूनं नाव घालू.”

“कामून?”

“उद्या तुम्हाला काही झालं तर कुणाला कळणार?”

“मला काय व्हायलंय?”

तुम्ही ओट्यावर बसलात. बराच वेळ पाय चोळत राहिलात. मी पुढचं भांडण तयार ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, “बरं बाई. आन एका जागी. पर नाव घालू नकूस. वळखता मला येतंय अन् वाचता तुला येतंय. त्या नावाचं काय काम?”

अर्धं का होईना, ऐकलंत. मी खूश झाले आणि नावाचा हट्ट सोडला. दोन दिवस आपण गोठ्यातून, चुलीमागून, शेजारून गोवऱ्या काढल्या आणि मागून ओल्या शेणाचा हात देऊन मागच्या भिंतीला बसवल्या. तुम्ही येलदरीला निरोप पाठवून तिथलंही बी मागवलंत. सहा सरळ ओळी झाल्या. मी फोटो काढला. तो माझ्या फोनमध्ये आहे. त्यात सगळ्या गोवऱ्या अगदी सारख्या दिसतात.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी दहाच्या सुमारास पोचले. घरातल्या बायका रडत होत्या. मी रडत नव्हते, कामं वाटत होते. अशी वेळ आली की मी तेच करते, आणि लोक म्हणतात काकूंचं डोकं शाबूत असतं. कुणाला फोन करायचा, कुणी पाणी भरायचं, पाहुण्यांना कुठे बसवायचं. सरणाला आणि विस्तवाला गोवऱ्या लागतात. घरात गॅस आल्यापासून जळणाच्या गोवऱ्या तुम्ही थापतच नव्हतात, पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही. दारातून कुणीतरी विचारलं, “गवऱ्या कुठं हायत?”

मी हात करून सांगितलं, “मागच्या भिंतीवर आहेत. ओळीनं काढा.”

ओळीनं काढा म्हटलं मी. दोन पोती भरली. नेताना ती माझ्या समोरून गेली, आणि मी त्या माणसांना म्हटलं, जपून, दाराला लागेल.

पाच दिवस मला काही कळलं नाही. पाचव्या दिवशी शांता आली. मुलांनो, ही बोरीचीच, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. अक्का, तुम्ही गेलात तेव्हा ती लेकीच्या गावी होती. ती तुमच्या जागेकडे बघून रडली, डोळे पुसले आणि म्हणाली, “मास्तरीणबाई, मिरुग जवळ आलाय. आमचं बी तेवढं काढून देता का? अक्का मागच्या भितीला हाय म्हनल्या होत्या.”

आम्ही मागे गेलो. भिंतीवर सहा ओळी गोल डाग होते, त्यांना वाळलेल्या काड्या चिकटलेल्या.

“कुठं गेल्या?”

कुणीतरी नेल्या असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “सरणाला गेल्या. मी द्यायला सांगितल्या.”

“समद्या?”

“सगळ्या.”

“आमच्या बी?”

“हो.”

ती भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली. “आमचं वांगं माज्या सासूच्या सासूचं व्हतं,” ती म्हणाली. “अक्का मेली, अक्काचं जाळा. आमचं कामून जाळलं? आमाला इचारलं का?”

भास्कर मागच्या दारात आला. “शांते, दुखाच्या घरात काय बोलायलीस? बी काय दुकानात मिळत न्हाई का? चार पाकिटं आनून देतो.”

“दुकानातलं एक साल येतंय, दादा. दुसऱ्या साली त्याचं बी लावलं तर वांगं कुनावर जाईल ते दुकानदाराला बी ठाव नसतंय.”

शांताचं बरोबर होतं. पाकिटावर संकरित लिहिलेलं असेल तर त्याच्या फळाचं बी पुढे धरू नका. तसंच फळ येत नाही. पण त्या क्षणी मला भास्करचा जो राग आला तो माहितीच्या चुकीचा नव्हता. आपल्या आईनं सहा महिने दुसऱ्यांचं काय सांभाळलं हे त्या घरात वाढून त्याला माहीत नव्हतं. तेराव्यानंतर परसात ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड घालायची हे मात्र त्यानं ठरवलेलं होतं. मी म्हटलं, “भास्कर, तू आत जा.” पन्नाशीचा आहे, पण गेला.

अक्का, तुम्ही आयुष्यात माझं काय ऐकलंत ते मला सांगा. चष्मा करा म्हटलं, केला नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या मांजराच्या ताटलीखाली सापडल्या. अक्षर शिका म्हटलं तर पाटी भाकरी झाकायला घेतलीत. आणि ऐकलंत ते नेमकं हे. दमला होतात म्हणून का? पुढच्या मृगाला आपण नसू असं वाटलं होतं, आणि सगळं एका जागी असलं तर मला सोपं पडेल असा विचार केलात का? की भांडायचा कंटाळा आला आणि मला बरं वाटावं म्हणून हो म्हणालात? मला हे हवं होतं असं समजू नका. तुम्ही मला हाकलून द्यायला हवं होतं.

कारण तो पसारा नव्हताच. एका ठिकाणचं गेलं तर दुसरीकडे राहावं म्हणून ते दहा ठिकाणी होतं. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी कधी विचारलंही नव्हतं. मी आवरायला यायचे.

दुसऱ्या दिवसापासून मी घरं फिरले. शेजारीण म्हणाली, “आमच्याकडलं तर तुमीच नेलं की संक्रांतीला.” येलदरीला तुमच्या भावजयीला फोन केला. “वन्संनी समदं मागून नेलं. तुमीच सांगितलं म्हनं.” मी गेले तिथे तिथे माझ्या आधी मीच जाऊन आले होते. ऊसतोडीच्या प्रत्येक घरी जाऊन, उभ्यानं, काय झालं ते सांगितलं. एकीनं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, अक्कासंगं गेलं, चांगल्या जागी गेलं, जिवाला लावून घेऊ नका. मला तिचा शांतापेक्षा जास्त राग आला. चांगल्या जागी गेलं नाही. बियाची चांगली जागा माती.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात हे मला माहीत आहे. गेलं तर गेलं, दुसरीकडून मागून आन. एकदाही ‘तुझ्यामुळं’ म्हणाला नसतात. माझ्या डब्यांतल्या विटा, माझी सकाळची दोडक्याची फुलं, कशालाच म्हणाला नव्हतात. चेष्टा केलीत आणि हात मातीत घातलेत. मला येणारी एकुलती एक उपयोगी विद्या तुम्ही अशी, हसत, दिलीत. इंग्रजीचं सांगायचं तर ते घेऊन मुलं गावाबाहेर गेली. तुमच्या विद्येनं मी माणसं जेवू घातली. हे मी तुम्हाला म्हणायला हवं होतं. म्हणायला गेले असते तर तुम्ही म्हणाला असतात, भाषान नगं, तेवढा पाला उचल.

तेराव्याला शांता पुन्हा आली. जेवायला थांबली नाही. पदराखालून एक वाळलेला दोडका काढला. दसऱ्याला जाताना तिनं सगळं बी तुमच्याकडे दिलं नव्हतं. थोड्या बिया पदराच्या गाठीत घेऊन गेली होती आणि तिकडे कारखान्याजवळ आपल्या कोपीवर, त्या पाचटाच्या खोपटावर, वेल चढवला होता.

“अक्काच म्हनायच्या, जाशील तिथं दोन बिया टाकत जा,” ती म्हणाली. दोडक्याचं टोक मोडून तिनं तो तळहातावर आपटला. काळ्या बिया पडल्या. मी हात पुढे केला. तिनं मूठ मिटली.

“ठिवायला न्हाई देनार तुमाला. लावायला देते. चार.”

“चार दे.”

“उगवल्या का न्हाई ते बगाया मी येनार.”

“ये.”

“अन् खडू लावायचा न्हाई. अक्का सांगायच्या, तुमाला लय खडू लागतो.”

तुम्ही माझ्यामागे हे सांगत होतात तर.

बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या आणि कागदाच्या द्रोणात लावल्या. दोडक्याचं मूळ हलवलेलं त्याला चालत नाही. द्रोणासकट मातीत ठेवलं की कागद कुजतो आणि मुळाला धक्का लागत नाही. दोन पाचव्या दिवशी वर आल्या, एक आज सकाळी. चौथी उकरून पाहिली, कुजली होती.

मुलांनो, काय उरलं ते लिहून ठेवते. वाळूक गेलं. शांताच्या घरचं वांगं गेलं, इतर घरांची वांगी आणि भोपळेही गेले. परसात मोरीच्या पाण्यावर मिरचीचं एक रोप आपोआप उगवलेलं आहे. ते अक्कांच्या बियाचं आहे की बाजारच्या मिरचीचं, हे ओळखणारं कुणी नाही. दोडका आहे. शांताच्या दारात दोन आळी आहेत. माझ्या तीन रोपांतलं एक माझ्या अंगणात आहे, एक जिंतूरलाच शेजारणीच्या कुंपणाशी लावलं आहे, आणि एक उद्या सकाळच्या एसटीनं मी येलदरीला नेऊन देणार आहे.